वैरणीच्या रानातल्या खारी: पूर्व ओरेगनात मुलाबाळांसह शिकारीला जाताना

आमच्या मंगळवेढ्याकडच्या रानात ज्वारी हुरड्यात आली की आप्पा गोफण घेऊन माळ्यावर चढायचे. मी आठेक वर्षांची असताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातात गोफण दिली आणि पाखरं दाखवायच्या आधी विचारलं, "दगड पलीकडं कुठं पडंल ते बघितलंस का?" पलीकडच्या बांधावर चुलत्यांची बैलं उभी होती. मी गोफण खाली ठेवली.

आता मी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावात राहते. मार्चअखेर शाळांना वसंताची सुट्टी लागली की आम्ही चौघं, मी, माझा नवरा, चौदा वर्षांची लेक आणि दहा वर्षांचा मुलगा, तीनशे मैलांवरच्या बर्न्सला जातो. तिथल्या लसूणघासाच्या रानात खारींचा उच्छाद असतो. शेतकरी ओळखीच्या माणसांना बंदुका घेऊन बोलावतात. ही शिकार आहे, पण माझ्या लेखी ती राखणच आहे. कोणाच्या तरी पिकाची राखण करायला आपण पाहुणे म्हणून जातो. ही गोष्ट मनात पक्की असेल तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. ओळखीच्या मराठी घरांतून याबद्दल सारखी विचारणा होते, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

आधी खार ओळखा

हिला तिकडचे लोक 'सेज रॅट' म्हणतात, पण ती उंदीर नाही. ती बेल्डिंगची खार, जमिनीत बिळं करून राहणारी. वजन पाव किलोच्या थोडं वर, शेपूट आखूड, अंग करडं आणि पाठीच्या मधोमध लालसर तपकिरी पट्टा. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर ताठ उभी राहते, तेव्हा कोणी रानात खुंट्या ठोकून ठेवल्यासारखं दिसतं. वर्षातले सात-आठ महिने ती जमिनीखाली झोपून काढते. फेब्रुवारीच्या सुमाराला आधी नर वर येतात, कधी कधी बर्फ उकरून. मागून माद्या येतात. जुलै-ऑगस्टपर्यंत मोठ्या खारी परत खाली जातात. म्हणजे जागेपणीच्या चार-पाच महिन्यांत वर्षभराची चरबी साठवायची असते, आणि नेमकी तेव्हाच लसूणघासाची पहिली कोवळी पालवी फुटते. चरण्यापेक्षाही मोठं नुकसान मातीच्या ढिगाऱ्यांनी होतं. कापणी यंत्राची पाती त्यात बोथट होतात, वैरणीत माती मिसळते, बिळांतून पाटाचं पाणी भलतीकडे जातं.

या खारीबद्दलची एक गोष्ट मी मुलांना प्रवासातच सांगते. पॉल शर्मन या शास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातल्या टायोगा खिंडीत या खारींचा अभ्यास केला आणि १९७७ साली तो छापला. कोल्हा किंवा कोयोटी दिसल्यावर किंचाळून धोक्याची हाक देण्यात माद्या पुढे असतात, त्यातही जिच्या लेकी-बहिणी जवळपास आहेत ती जास्त. हाक देणारी स्वतः संकटात सापडते, तरी देते. यांच्यात लेकी आईच्या बिळाजवळच राहतात आणि मुलगे दूर निघून जातात, त्यामुळे आसपासची सगळी वस्ती माहेरची. हे कळल्यावर माझ्या लेकीनं विचारलं, "मग आपण यांना का मारायचं?" प्रश्न योग्य आहे. उत्तर तिला शेतकऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावं असं मला वाटलं, आणि ते मिळालं. गोळी नाही तर विषारी आमिष, आणि आमिष कोण खाईल त्यावर कोणाचा ताबा नसतो, असं त्यानं तिला रानात उभं राहून समजावलं. ज्या मुलाला हा प्रश्न पडत नाही त्याच्या हातात मी बंदूक देणार नाही.

काय मारायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. रिकाम्या बिळांत एक छोटं घुबड राहतं, आपल्या पिंगळ्याएवढं, फक्त पाय लांब. ते दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभं असतं आणि लांबून खारीसारखंच दिसतं. स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८ सालच्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याच राज्यात उत्तरेला, कोलंबिया नदीच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, पाठीवर पांढुरके ठिपके असलेली वॉशिंग्टन खार राहते, आणि ती राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. अंगावर ठिपके किंवा पाठीवरच्या त्या एका लालसर पट्ट्याशिवाय दुसरे पट्टे दिसले, किंवा नुसती शंका आली, तरी चापाला बोट लावायचं नाही.

व्हिसा आधी, बंदूक नंतर

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथं होते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही बाळगायला बंदी आहे. मित्राची बंदूक दोन मिनिटं हातात धरणं हेसुद्धा बाळगण्यात मोजलं जाऊ शकतं. या बंदीला जे अपवाद आहेत त्यांत आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना तुमच्या नावावर असणं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही.

म्हणून क्रम असा. आधी ओरेगनच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडून शिकारीचा परवाना, मग सराव, मग सहल. या खारींना राज्यात संरक्षण नाही, मारण्याला संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे "परवाना कशाला हवा" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. टेक्सासमध्ये तर खाजगी जमिनीवरची रानडुकरं मालकाच्या संमतीनं मारायला २०१९ पासून राज्याचा परवाना लागतच नाही. तिथं आपला एच-१बीवाला माणूस राज्याचा नियम पाळूनही केंद्राचा कायदा मोडू शकतो. ग्रीन कार्डाचा अर्ज मध्यावर असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका आणि उत्तर लेखी घ्या.

मुलांसाठी ओरेगनचा नियम स्पष्ट आहे. अठराच्या आतल्यानं शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं हवं. अभ्यास घरी बसून करता येतो, पण शेवटी मैदानावर जाऊन प्रत्यक्ष हाताळणी दाखवावी लागते. नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलांना परवानाधारक प्रौढाच्या देखरेखीखाली शिकण्याची वेगळी योजनाही आहे. माझी लेक पूर्ण प्रशिक्षण घेतलेली आहे आणि मुलगा त्या योजनेत आहे. प्रशिक्षणाला मी लेकीबरोबर स्वतः बसले. आई-बापांनी बसावंच, कारण मुलांना नियम पाठ असतात आणि आपल्याला नसतात.

ज्यांना हे वाचून गावाकडची डुकरं-उंदरं आठवतील त्यांच्यासाठी एवढंच, की भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. रानडुकरांच्या त्रासासाठी महाराष्ट्रात वनविभागाकडे अर्ज करण्याची वाट आहे. इथली पद्धत तिथं नेऊ नका.

रान कोणाचं

बर्न्स ज्या हार्नी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिचं क्षेत्रफळ गोव्याच्या सातपट आणि वस्ती सात-आठ हजार. कुंपण दिसत नाही म्हणजे जमीन मोकळी आहे असं नव्हे. काही शेतकरी दिवसाचे पैसे घेऊन रान देतात, काही जण मार्गदर्शकांमार्फत देतात, काही फुकट बोलावतात. पहिल्या वर्षी पैसे देऊन मार्गदर्शकाबरोबर जाणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मुलं सोबत असतील तर नक्कीच.

फोनवर बोलताना मी पाच गोष्टी विचारते आणि वहीत लिहून घेते. शेताच्या हद्दी कुठून कुठपर्यंत आहेत. गुरं कुठल्या तुकड्यात आहेत. घरं, पाण्याचे पंप आणि चाकांवरची पाइपलाइन कुठं आहे. या हंगामात विषारी आमिष टाकलंय का. गाडी पिकात नेलेली चालते का, की बांधावरच ठेवायची. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक शेतकऱ्यांचा आवाज मऊ होतो. ओल्या लसूणघासात चाकं रुतली की त्या पट्ट्यात वर्षभर पीक धड येत नाही, आणि हे आधी विचारणारा पाहुणा त्यांना क्वचित भेटतो.

तारीख निवडताना मी मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढाच काळ धरते. तेव्हा माद्या बाहेर असतात, पण बहुतेकींची पिल्लं झालेली नसतात. पुढे मे महिन्यात पिल्लं वर येतात आणि रानात खारीच खारी दिसतात, म्हणून पुष्कळ लोक तेव्हा जातात. मी जात नाही. मधल्या आठवड्यांत आई मेली तर पिल्लं बिळात उपाशी मरतात, आणि शेतकऱ्याच्या हिशोबानंही विण्याआधी एक मादी कमी होणं जास्त मोलाचं.

बंदूक आणि गोळी

घरच्या सहलीला दोनच प्रकार पुरतात. पॉइंट टू-टूची साधी रायफल, जिची काडतुसं स्वस्त आणि धक्का जवळजवळ नाही, आणि पॉइंट वन-सेव्हन एचएमआर, जी २००२ साली बाजारात आली. दुसरीची गोळी हलकी आणि वेगवान असते, मातीला लागताच बहुधा फुटून जाते, त्यामुळे टप्पा खाऊन उडण्याचा धोका कमी. टू-टूची गोळी कडक जमिनीवरून किंवा साचलेल्या पाण्यावरून टप्पा घेऊन कुठंही जाऊ शकते, आणि मोकळी सुटली तर दीड मैलापर्यंत जाते. मुलांसाठी मी एका वेळी एकच काडतूस भरायची बोल्टवाली (हातानं मागं-पुढं करायच्या खिट्टीची) टू-टू घेतली. प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, आणि तेवढ्यात डोकं विचार करतं.

गोळी तांब्याची घ्या, शिशाची नको. ती महाग असते, आणि काही बंदुकींतून नेम तितका बसत नाही, म्हणून दोन-तीन प्रकार कागदावर मारून बघावे लागतात. तरीही घ्या. रानात पडलेल्या खारी गरुड, ससाणे आणि डोमकावळे खातात. शिशाची गोळी खारीच्या अंगात बारीक तुकडे होऊन पसरते, आणि ते तुकडे पोटात गेले की गरुड मरतो. उंदीर-खारी खाऊन शेतकऱ्याला फुकट मदत करणारा पक्षीच आपण मारला तर राखण कसली?

मुलांची तयारी

निघण्याआधी निदान दोन महिने सराव हवा. पहिले दोन आठवडे घरी, काडतूस घरात नसताना: नळी कायम सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर दस्त्यावर सरळ, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. चौथा नियम आप्पांचा, लक्ष्याच्या पलीकडे काय आहे ते आधी बघायचं. हाच नियम प्रशिक्षणाच्या पुस्तकातही आहे हे बघून मला भरून आलं होतं.

मग नेमबाजीच्या रेंजवर. टेकूवर बंदूक ठेवून पन्नास यार्डांवरच्या कागदावर दोन इंचांचं वर्तुळ काढायचं. दहापैकी आठ गोळ्या त्यात गेल्या, तर तेवढ्या अंतरापर्यंत मुलाला परवानगी. मग पंचाहत्तर, मग शंभर. माझा मुलगा अजून पन्नासवरच आहे आणि त्याला ते मान्य आहे. अंतराचा आकडा वयानं ठरत नाही, कागद ठरवतो. मोठ्यांनाही हीच परीक्षा. माझ्या नवऱ्याला शंभरसाठी दोनदा परत जावं लागलं.

दोन आवाज मुलांना आधीच शिकवा. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर नळी तशीच समोर धरून तीस सेकंद मोजायचे, मगच बोल्ट उघडायचा, कारण काडतूस उशिरा उडू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुसका आला, तर तिथंच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची गोळी त्यावर आदळली तर नळी फाटते.

रस्ता आणि शिदोरी

माउंट हूडच्या घाटात मार्चअखेरही बर्फ असतो, चाकांच्या साखळ्या ठेवाच. बेंडला टाकी भरून घ्या, कारण तिथून बर्न्सपर्यंतच्या एकशेतीस मैलांत गावं नावापुरती आहेत. बंदुका रिकाम्या, कुलूपबंद पेटीत आणि काडतुसं वेगळी. बंदूक हाताशी नसताना ती कुलपात हवी, असा ओरेगनचा २०२१ चा कायदाच आहे, त्यामुळे मोटेलच्या खोलीतसुद्धा पेटी उघडी ठेवायची नाही. बर्न्स चार हजार फुटांवर आहे. सकाळी पाणी गोठतं, दुपारी वारा सुटतो. थरावर थर कपडे, केशरी टोप्या, चष्मे, कानांवरची आवरणं (टू-टूच्या आवाजानंही कान जातात, लहानग्यांचे तर लवकर), हातमोजे, फावडं, दुर्बीण, साबण आणि हात धुण्यापुरतं वेगळं पाणी. खायला मी धपाटे आणि शेंगाची चटणी नेते. दोन दिवस टिकतात आणि रानात थंडच छान लागतात.

रानातला दिवस

पहाटे धावत जाण्यात अर्थ नाही. ऊन जमिनीला लागेपर्यंत खारी वर येत नाहीत, साधारण नऊनंतरच हालचाल सुरू होते. तो सकाळचा वेळ आम्ही पक्ष्यांना देतो. हार्नीच्या खोऱ्यात त्या दिवसांत पाणी भरलेल्या कुरणांत पांढऱ्या हंसबदकांचे थवे उतरलेले असतात, क्रौंच असतात, आणि जवळच मल्हूर अभयारण्य आहे. मुलं बंदुकीआधी तासभर दुर्बीण हातात धरतात, त्यामुळे पुढे दिवसभर त्यांचे डोळे सावध राहतात.

शेतकऱ्याला भेटल्याशिवाय गेट उघडायचं नाही. भेटल्यावर त्याच्यासोबत रानाला एक फेरी मारायची. मग जागा ठरवायची, आणि त्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. रान सपाट असेल तर जमिनीवर पालथं पडून मारलेली गोळी आडवी जाते आणि टप्पा घेते. म्हणून थोडी उंच जागा शोधा, बांध किंवा टेकाड, म्हणजे गोळी वरून खाली मातीत शिरेल. समोर चढ असेल तर उत्तम. क्षितिजावर उभी असलेली खार कितीही जवळ असो, ती आपली नाही. पाइपलाइनच्या दिशेनंही बार नाही. एक भोक पडलं तर शेतकऱ्याचा सबंध दिवस जातो.

सगळे एका ओळीत बसतात, सगळ्या नळ्या एकाच दिशेला. दोन खुंट्यांना केशरी फिती बांधून आम्ही डावी-उजवी हद्द आखतो, त्याबाहेर नेम न्यायचा नाही. एका मुलाजवळ एक मोठं माणूस आणि दोघांत मिळून एकच बंदूक. मूल नेम धरतं तेव्हा मोठं माणूस दुर्बिणीतून पलीकडचं बघतं आणि "मोकळं" म्हणतं. तो शब्द आल्याशिवाय बार नाही. दहा गोळ्यांनंतर अदलाबदल, म्हणजे नळीही थंड होते.

"थांबा" हा शब्द घरातलं कोणीही, कधीही उच्चारू शकतं, आणि तो ऐकताच सगळ्यांनी बोल्ट उघडून, बंदूक खाली ठेवून एक पाऊल मागं यायचं. कारण नंतर विचारायचं. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं "थांबा" म्हटलं तेव्हा लेकीचा नेम ऐंशी यार्डांवरच्या एका खुंटीसारख्या आकृतीवर होता. दुर्बिणीतून बघितलं तर पिवळे डोळे आणि लांब पाय. ते घुबड होतं. आम्ही तो कोपरा दिवसभर सोडून दिला आणि शेतकऱ्यालाही दाखवला. त्याला स्वतःच्या रानात घुबड आहे हे ठाऊक नव्हतं.

स्थिर बसलेल्या खारीवरच नेम. धावणारीवर कधीच नाही. खार जखमी होऊन तडफडत असेल तर ज्यानं मारलं त्यानं लगेच दुसरी गोळी मारून ती संपवायची, मोजणी-गप्पा नंतर. वारा वाढला की गोळी वाहवत जाते, मग आमची अंतरं निम्मी होतात, आणि जोराचा वारा असेल तर खारीच बिळात जातात. तेव्हा बंदुका पेटीत घालून जेवायला बसावं. जेवायच्या आधी साबणानं हात, अगदी कोपरापर्यंत.

मी मारलेल्या खारी मोजू देत नाही. स्पर्धा सुरू झाली की "मोकळं" हा शब्द घाईघाईत येऊ लागतो. त्याऐवजी मुलं वहीत चुकलेल्या गोळ्या आणि त्यांची कारणं लिहितात: वारा, घाई, श्वास, अंतर.

मेलेल्या खारींचं काय करायचं

हात लावायचा नाही. अंग थंड पडलं की पिसवा उतरतात आणि नवं ऊबदार अंग शोधतात. पश्चिम अमेरिकेतल्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांत प्लेगचा जिवाणू अजून आहे. २०२४ साली ओरेगनच्याच डेशूट्स काउंटीत एका माणसाला पाळीव मांजरापासून प्लेग झाला होता. आपल्या घरांतून १८९६-९७ च्या मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी अजून सांगतात. जगभर फिरलेली तीच साथ १९०० साली सान फ्रान्सिस्को बंदरात उतरली आणि तिथून रानातल्या खारींत शिरली. म्हणून विजारीचे पाय मोज्यांत खोचलेले, हातमोजे, आणि उचलायला फावडं. कुत्रं नेऊ नका. सहलीनंतर आठवडाभरात कोणाला ताप आला, काखेत-जांघेत गाठ आली तर डॉक्टरांना खारींचा उल्लेख आवर्जून करा.

गोळी तांब्याची असेल आणि शेतकऱ्याची हरकत नसेल तर खारी पक्ष्यांसाठी तिथंच राहू द्या. कोणी शिशाची वापरली असेल, तर त्या खारी गोळा करून शेतकरी सांगेल तिथं खोल पुरायच्या. शेतात आमिष टाकलेलं असेल तर याबाबत त्याचाच शब्द पाळायचा.

निघताना

रिकाम्या पुंगळ्या एकूणएक वेचायच्या. वैरणीतून त्या गुरांच्या पोटात जातात. हे काम आम्ही मुलांवर सोपवतो आणि शेवटी मी स्वतः ओळीत चालून बघते. गेट जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. बिळं कुठल्या बांधाला जास्त आहेत, पाटाच्या कडेला नवी माती दिसली का, कुंपणाची तार कुठं तुटलीय, हे शेतकऱ्याला जाता जाता सांगायचं. दोन दिवसांच्या बंदुकीनं वस्ती संपत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं, पण रानाची अशी बारीक पाहणी त्याला एरवी कोणी करून देत नाही. गेल्या वर्षी लेकीनं वहीतल्या पानावर रानाचा नकाशा काढून बिळांच्या जागी फुल्या मारल्या आणि त्याला दिला. यंदा जानेवारीत त्याचा फोन आला. त्याच नकाशातल्या वायव्य कोपऱ्यात पाणी फुटलं होतं, आणि मार्चमध्ये आधी तिथं बसाल का, असं तो विचारत होता.